उन्हाळ्यातली काळी पूड

टापरे सरांना कोणी नमस्कार केला की ते आधी मागे वळून बघत. मागे कोणी नाही, म्हणजे नमस्कार आपल्यालाच, असं ठरलं की मग हात जोडत. तोवर नमस्कार करणारा बऱ्याचदा पुढे निघून गेलेला असे, आणि सरांचे जोडलेले हात व्हरांड्यातल्या रिकाम्या बाकाला दिसत.

हिंगोलीच्या आमच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायला लागलो, तेव्हा विभागप्रमुख म्हणून पहिली गाठ त्यांच्याशीच पडली. उंच, सुकलेला माणूस, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशाला दोन पेनं. दुसरं पेन पहिल्यावर भरवसा नाही म्हणून. त्यांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र घेतलं, खिडकीशी नेलं आणि उजेडाला धरलं. माझा चेहरा पडलेला बघून म्हणाले, "तसं मनात आणू नका, कावरखे. कागद हाय, बघून घेतलेला बरा." मग ड्रॉवरमधून एक पितळी वजन काढून माझ्या हातावर ठेवलं आणि काट्यावर तोलायला सांगितलं.

वजनावर जे लिहिलं होतं तेच काट्याने दाखवलं. मी तसं सांगितलं.

"म्हंजे काटा बराबर हाय, का वजन बराबर हाय?"

"दोन्ही बरोबर आहेत, सर."

"दोन्ही मिळून चुकत असले तर?"

मी वजन परत काट्यावर ठेवलं. सर प्रसन्न झाले. नव्या माणसाला निरुत्तर करून ते त्याला विभागात घेत, हे मला पुढे कळलं. तेच वजन ते स्वतः रोज सकाळी आल्याबरोबर तोलत. काल बरोबर होतं ना, असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाले, "काल मी व्हतो हितं. रातच्याला कोण व्हतं?"

सर शिरड शहापूरहून रोज एसटीने येत-जात. गाडीवर हिंगोलीची पाटी असली तरी कंडक्टरला विचारत, 'हिंगोली ना?' कंडक्टर हो म्हणाला की केबिनशी जाऊन ड्रायव्हरला विचारत. दोघांचं उत्तर जुळलं तर बसत. इतकी वर्षं त्याच गाडीने जाणारा माणूस असं करतो म्हणून ड्रायव्हर मंडळी त्यांची चेष्टा करायची. एकाने एकदा गमतीने 'न्हाई, परभणी' सांगितलं. सर खरंच उतरले. गाडी त्यांच्यादेखत हिंगोलीला निघून गेली आणि ते दुपारी उशिरा कॉलेजात पोचले. चिडले नव्हते. "दोघांचं जुळलं न्हाई," एवढंच म्हणाले.

त्यांच्या मुलीला बारावीला रसायनशास्त्रात भरघोस मार्क पडले. लोक मार्क कमी पडले म्हणून उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवतात. आमच्या सरांनी जास्त पडले म्हणून मागवली. ओळ अन् ओळ तपासली. मार्क बरोबर निघाले, पण पोरगी कितीतरी दिवस बापाशी बोलली नाही. सरांच्या मंडळी आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या तेव्हा सांगत होत्या, "लग्नात ह्यांनी मंगळसूत्र कसोटीवर घासून बघितलं न्हाई, तेच नशीब म्हनायचं." आम्ही सगळे हसलो. त्या हसल्या नाहीत, हे माझ्या बायकोने मला घरी आल्यावर सांगितलं.

या माणसाने आयुष्यभराचं काम निवडलं तेही संशयाला भरपूर वाव असलेलं. मोबाईलच्या बॅटरीत पेट घेणारं द्रव असतं. सरांना पाण्यावर चालणारी बॅटरी सुधारायची होती. एका बाजूला जस्ताचा पत्रा, दुसऱ्या बाजूला मँगनीजची काळी पूड, आणि मध्ये जस्ताचा क्षार विरघळवलेलं पाणी. जुन्या टॉर्चचा सेल फोडला की हात काळे करणारी जी पूड निघते, तिचीच ही सख्खी बहीण. स्वस्त मामला, आणि आग लागायची भीती नाही. फवारणीच्या पंपाला, हळद शिजवायच्या शेडवरच्या दिव्याला अशी बॅटरी मिळाली तर आमच्या भागाला किती सोय. अडचण एकच होती. ही काळी पूड पाण्यात थोडी थोडी विरघळत जाते, आणि भरून वापरून, भरून वापरून बॅटरी थकते. न थकणारी पूड करायची, हा सरांचा ध्यास. त्यासाठी ते बाजारातून आलेल्या प्रत्येक बाटलीतलं रसायन आधी स्वतः तपासत. "लेबल माणसानं चिकटवलेलं असतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करायला सुनीता राठोड आली. सेनगावच्या अंगाला तिचा तांडा. तांड्यावरून एवढं शिकायला निघालेली ती पहिलीच मुलगी. तिच्या मागे तिथल्या आणखी दोघी-तिघी कॉलेजात यायच्या बेतात होत्या, आणि त्यांचे बाप सुनीताचं काय होतंय याकडे डोळे लावून बसले होते. मुलगी अबोल, पण हाताला नेटकी. सरांनी एखादी गोष्ट पुन्हा करायला लावली की ती कपाळाला आठी न घालता करायची. आम्हा बाकीच्यांची सरांपुढे गाळण उडायची, तिची कधी उडाली नाही. सर तिचं कौतुक करत नसत, पण तिने तोललेलं परत तोलतही नसत. आमच्या विभागात याहून मोठा सन्मान नव्हता.

सुनीताने पूड बनवताना तिच्यात दुसऱ्या एका धातूची चिमूट मिसळायचं ठरवलं, पुडीचा सांगाडा टिकून राहावा म्हणून. पहिल्या पुडी तिने उन्हाळ्याच्या सुट्टीत केल्या. मी माझ्या गावी, गोरेगावला होतो, सर शिरडला होते, विभागाला कुलूप असायचं आणि किल्ली सुनीताकडे. जून उजाडला, आम्ही परत आलो, आणि तिने सरांपुढे, बॅटरी भरून-वापरून तपासणाऱ्या मशीनवरचे आलेख ठेवले. तिची बॅटरी थकत नव्हती. उलट दिवसागणिक जरा जास्तच देत होती.

मला आनंद झाला. सर आलेखाकडे बराच वेळ बघत राहिले. "जेवढं घातलं त्याच्यापेक्षा जास्त काहून देऊन राहिली ही?" ते म्हणाले. "पावसाळ्यात नवी पूड करा. बघू."

पावसाळ्यात तिने त्याच कृतीने, त्याच मापाने नवी पूड केली. ती बरी निघाली. साध्या पुडीपेक्षा जरा जास्त टिकली, पण थकलीच. पुन्हा केली, पुन्हा तेच. उन्हाळ्यातली पूड गुटगुटीत आणि पावसाळ्यातली किरकिरी, याचं कारण कोणालाच सांगता येईना.

सरांनी मग सगळ्यांवर संशय घ्यायला सुरुवात केली. इन्व्हर्टरवर घेतला, मशीनवर घेतला, जस्ताच्या पत्र्यावर घेतला. मला बाजूला घेऊन विचारलं, "मे महिन्यात तुमी लॅबमदी आलता का?" मी नाही म्हणालो, तर गोरेगावच्या माझ्या शेजाऱ्याला फोन करून मी तिथेच होतो का हे विचारून घेतलं. मला राग आला, अजूनही आठवलं की येतो. हळूहळू त्या संशयाची लागण आम्हा सगळ्यांना झाली. चहा पिताना आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. कोणी लॅबचं दार लोटलं तर दुसरा ते का लोटलं म्हणून उघडायचा.

आणि एका दुपारी विभागाच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, सर म्हणाले, "राठोड, मे महिन्यातले आकडे प्रबंधातून काढून टाका. मला ते मान्य न्हाईत."

सुनीता उभी राहिली. "काहून, सर?"

"कारण तवा लॅबमदी तुमच्याबिगर कोणी नव्हतं."

आकडे खोटे आहेत असं सर म्हणाले नव्हते, पण न कळायला आम्ही काही लहान नव्हतो. सुनीता बैठकीतून बाहेर पडली. लॅबमध्ये गेली, ॲप्रन काढून खुंटीला अडकवला, किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

मला काळजी लागली ती निराळीच. तिची पदवी हुकेल एवढंच नव्हतं. 'राठोडाच्या पोरीनं खोटं केलं म्हणून तिला काढली,' हे एक वाक्य सेनगावच्या जीपमधून तांड्यावर पोचायला कितीसा वेळ लागतो? ते पोचलं असतं, तर तिच्या मागे निघालेल्या मुलींची दप्तरं तिथल्या तिथे खाली ठेवली गेली असती. मी सरांना तसं बोललो. ते म्हणाले, "कावरखे, माणसाची दया येते म्हणून आकडा खरा व्हत न्हाई." मग म्हणाले, "अन् राग आला म्हणून खोटा बी व्हत न्हाई. बघू."

उन्हाळ्यातली पूड अजून डबीत शिल्लक होती. सरांनी तिचे सेल स्वतःच्या हाताने बांधले. पत्रा स्वतः कापला, पाणी स्वतः घातलं. मशीनच्या खोलीला नवं कुलूप आणून लावलं आणि किल्ली बनियनच्या आतल्या खिशात ठेवली. आम्हाला कोणालाही आत सोडलं नाही. काही आठवडे आमचा विभागप्रमुख स्वतःच्याच लॅबचा राखणदार झाला होता. दर सकाळी आत जाऊन यायचे, आणि दर सकाळी त्यांचा चेहरा आदल्या दिवशीपेक्षा उतरलेला असायचा.

एकदा मला आत बोलावलं. पडद्यावर आलेख होता. सुनीताचाच. तसाच चढत जाणारा.

"आकडे खरे हायेत," सर म्हणाले. खुर्चीत बसले. चष्मा काढला. "पोरीनं काही केलं न्हाई, कावरखे."

मी म्हणालो, "मग तिला बोलवायचं ना, सर?"

"बोलवायचं कसं? आपुन जायचं."

माझ्या मोटारसायकलवर आम्ही तांड्यावर गेलो. सुनीताच्या वडिलांनी बाज टाकली, पाणी आणलं. मुलगी घरी का बसलीय हे तिने त्यांना सांगितलं नव्हतं; सुट्टी आहे म्हणाली होती. ते आनंदाने सरांना सांगायला लागले, पोरगी तुमचं लई नाव काढते. सर मान खाली घालून ऐकत राहिले. सुनीता दारात उभी होती. तिने आमचं स्वागत केलं नाही आणि तोंडही फिरवलं नाही.

"उन्हाळ्यात पूड कशी केली, ते मला दाखव," सर तिला म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते तिच्याशी एकेरीत बोलले. "सांगू नको. सगळं करून दाखव, जसं केलतं तसं."

"दाखवते," ती म्हणाली. "पण सगळ्यांसमोर दाखवेन, सर. सगळ्यांसमोरच बोलला व्हता ना."

सर म्हणाले, "बराबर हाय."

ती आली. ॲप्रन चढवला. आम्ही सगळे ओट्याभोवती उभे राहिलो आणि तिने उन्हाळ्यातली कृती पहिल्यापासून केली. रसायनं तोलली, भट्टीत ठेवली, दुसऱ्या दिवशी काढली, काळी पूड गाळली, धुतली. धुतलेलं पाणी मोरीत ओतायच्या ऐवजी तिने ते एका प्लास्टिकच्या बादलीत ओतून बाजूला ठेवलं.

"हे काहून ठेवलं?" सरांनी विचारलं.

"पुढच्या पुडीच्या धुण्याला. अन् तिचं निघालं की त्याच्या पुढच्या पुडीला."

"असं कोणी सांगितलं?"

सुनीताने त्यांच्याकडे सरळ बघितलं. "तुमी, सर. सुट्टी लागायच्या आधी."

मला आठवलं. खरंच सांगितलं होतं. त्या वर्षी नळ आटले होते, कॉलेजात टँकर यायचा. प्रयोगाचं पाणी शुद्ध करायच्या काचेच्या भांड्याला गार ठेवायलाच बादल्या-बादल्या पाणी लागतं. सरांनी सुट्टीआधी सगळ्यांना बजावलं होतं, की घरी भांडी धुताना शेवटचं खळबळलेलं पाणी आपल्या आया फेकत नाहीत, पुढच्या भांड्यांना घेतात. लॅबमध्येही तसंच करा. आमच्याकडे यात कोणालाच वावगं वाटलं नाही. पाणी असं वापरायचं असतं हे आम्ही सगळेच लहानपणापासून बघत आलेलो. सरांनी जगातल्या प्रत्येक वस्तूवर संशय घेतला, पण आईच्या मोरीवर घ्यायचं त्यांच्या मनात आलं नाही.

त्यांनी त्या बादलीतलं पाणी परीक्षानळीत घेतलं आणि त्यात तपासणीच्या द्रावणाचे थेंब सोडले. नळीत दुधासारखं पांढरं दाटून आलं. म्हणजे ज्या पाण्याने ती पूड धुवत होती, त्यातच पूड बनवायला वापरलेला मँगनीजचा क्षार साठत चालला होता. प्रत्येक पुडीबरोबर आणखी साठत होता. धुतलेल्या पुडीला तो चिकटून राही, बॅटरीच्या पाण्यात उतरे, आणि भरताना त्याचीच नवी काळी पूड जुनीवर चढून बसे. बॅटरी थकत नव्हती कारण तिला चोरून खाऊ मिळत होता. पाऊस पडला, पाणी मुबलक झालं, पूड स्वच्छ धुतली गेली, आणि खाऊ बंद झाला.

सर नळी उजेडाला धरून उभे राहिले.

"आकडे खरे. पोरगी खरी. चूक माझ्या सांगण्यात व्हती." मग आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघत म्हणाले, "मी तवा ह्याच लोकांसमोर बोललो व्हतो, म्हणून ह्याच लोकांसमोर सांगून राहिलो."

सुनीता म्हणाली, "सर, तुमी मशीनवर संशय घेतला, पत्र्यावर घेतला, मला काही वाटलं न्हाई. माझ्यावर घेतला तरी चाललं असतं. पण मशीनला तपासलं, पत्र्याला तपासलं, अन् मला नुसतं इचारलं बी न्हाई."

"न्हाई इचारलं," सर म्हणाले. "तुला इचारायला पायजे व्हतं. चुकलं माझं."

एवढा अभिमानी माणूस इतकं सरळ बोलला, तेव्हा मला भरून आलं. सुनीताला आलं की नाही, सांगता येत नाही. तिने मान डोलावली आणि बादली मोरीत रिकामी केली.

प्रबंध पुढे पुरा झाला. उन्हाळ्यातले आकडे तिने काढले नाहीत. ते कसे फसवतात यावर एक आख्खं प्रकरण लिहिलं. स्वच्छ धुतलेली तिची पूड साध्या पुडीपेक्षा थोडीशीच सरस होती, आणि तेवढंच तिने लिहिलं. तोंडी परीक्षा आमच्याच कॉलेजात झाली. सभागृहात तिचे वडील फेटा बांधून पहिल्या रांगेत, आणि मागे तांड्यावरच्या त्या मुली. बाहेरून आलेले परीक्षक मोठे नावाजलेले गृहस्थ. नेमक्या त्या प्रकरणावर बोट ठेवून म्हणाले, "हे मे महिन्यातले आकडे फारच चांगले आहेत. नंतर तुम्ही कारण दिलंय, ठीक. पण त्या काळात प्रयोगशाळेत तुम्ही एकट्याच होता, हे खरं ना?"

सुनीताने पहिल्या रांगेकडे बघितलं. तोच प्रश्न, आणि आता तो तिच्या बापासमोर.

टापरे सर उठले. मार्गदर्शकाने अशा वेळी बोलायचं नसतं. परीक्षकांनी हाताने बसायची खूण केली तरी ते उभेच राहिले.

"साहेब, आकड्यांची हमी मी कोणाच्याच देत न्हाई. माझ्या बी न्हाई," ते म्हणाले. "पोरीची देतो."

आणि खाली बसले. परीक्षकांनी त्यांच्याकडे बघितलं, सुनीताकडे बघितलं, आणि पुढचं पान उलटलं.

निकाल जाहीर झाला, पेढे वाटले गेले, वडिलांनी फेट्याच्या शेवाने डोळे पुसले. फोटोसाठी सरांना शोधायला लागलो तर ते कुठे दिसेनात. मी लॅबमध्ये गेलो. सर ओट्याशी उभे होते. सत्काराची शाल खांद्यावरच होती, बाह्या वर सारलेल्या. गाळणीत सुनीताची काळी पूड होती आणि ते तिच्यावर धार धरून पाणी सोडत होते.

"सर, हे काय?"

"काही न्हाई. प्रबंधातला आकडा हाय ना, तो आणखी एकदा बघून घेतो. थोडीशीच सरस म्हणतो आपुन, पण तेवढी तरी हाय का?" मग दाराकडे नजर टाकून आवाज खाली आणला. "तिला सांगू नका, कावरखे. तिला वाटंल, माझा अजून भरवसा न्हाई."

मी काही बोलणार, तेवढ्यात माझ्या मागे पावलं वाजली. सुनीता दारात होती. हातात पेढ्यांचा खोका. तिने सगळं ऐकलेलं होतं, हे तिच्याकडे बघूनच कळत होतं. सरांचा हात थांबला. मी त्यांना एवढं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं.

तिने खोका माझ्या हातात दिला, नव्या साडीवर ॲप्रन चढवला आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"सरका जरा, सर," ती म्हणाली. "मी बी त्याच्यासाठीच आले."